बाबांचं शेवटचं गाऱ्हाणं

सन १९७५. मला तेव्हा सतरावं लागलं होतं. शाळा चौथीतच सुटली होती आणि मी भांडुपला लाकडाच्या वखारीत कामाला जात होतो. हे मी स्वतःच्या हाताने लिहितोय. नातू म्हणतो, आजोबा, तुम्ही नुसतं बोला, मोबाईल आपोआप लिहितो. मी म्हटलं, नको. जे बोलून फुकट गेलं तेच लिहायला बसलोय, परत बोलून काय करू? अक्षर वाकडं येतं, ऱ्हस्व-दीर्घ चुकतं, ते छापणाऱ्याने बघावं.

आमची चाळ कांजूरमार्गला, रुळाच्या पूर्वेला. चाळ म्हणायची म्हणून चाळ, नाहीतर कुडाच्या भिंती, वर पत्रा, आणि मागे थेट खाडीपर्यंत मिठागरं. उन्हाळ्यात मिठाचे ढीग असे चमकायचे की दुपारी तिकडे डोळे करून बघवत नसे. राहणारी सगळी मालवणकडची माणसं. बाप्ये गिरणीत नाहीतर कारखान्यात, बायका घरी पापड लाटायच्या, कोण कोळंबी सोलायला जायच्या. आता तिथे बिल्डिंग आहे आणि मी चौदाव्या मजल्यावर राहतो. वारा फिरला की कचऱ्याच्या डेपोचा वास वर येतो, मग सून खिडक्या लावते. तेव्हा वास यायचा तो खाजणाच्या चिखलाचा आणि भाजलेल्या सुक्या बांगड्याचा. त्या वासाला कोणी खिडकी लावली नाही. लावायला खिडकीच नव्हती.

चाळीच्या टोकाला एक पिंपरणीचं झाड होतं आणि झाडाखाली शेंदूर लावलेला दगड. तो आमचा राखणदार. गावाला प्रत्येक वाडीच्या वेशीवर असा एक असतो, जागा राखतो. गाव सोडून आलेल्या माणसांनी इथे पहिली झोपडी बांधली तेव्हाच हा दगड बसवला, असं सांगायचे. वर्षातून एकदा, मिठागरांवरचं मीठ उचलून झालं की पाऊस यायच्या आधीच्या एखाद्या रविवारी, त्याला राखण द्यायची. म्हणजे कोंबडा आणि नारळ. आणि गाऱ्हाणं घालायचं. शहरातल्या माणसाला गाऱ्हाणं म्हणजे तक्रार वाटते. आमच्यात तसं नाही. सगळ्यांच्या वतीने एकाने नारळ हातात घेऊन देवासमोर उभं राहायचं आणि जे मागायचं ते मोठ्याने बोलायचं. एकेक वाक्य संपलं की बाकीचे म्हणणार, ‘व्हय म्हाराजा!’ या ‘व्हय’शिवाय गाऱ्हाणं देवाला पोचत नाही. ज्याच्या हातात नारळ तोच बोलणार, दुसऱ्याने मध्ये तोंड घालायचं नाही. आणि एकदा नारळ हातात घेऊन जे बोललं, ते बोललं.

आमच्या चाळीत नारळ बाबांच्या हातात असायचा. बाबा परळला गिरणीत साचे खात्यात, म्हणजे मागावर. साच्यांच्या खडखडाटात शेजारच्याला काही सांगायचं तर ओरडूनच सांगावं लागतं, त्यामुळे साचेवाल्यांचे आवाज मोठे होतात. पण बाबांचा नुसता मोठा नव्हता. तो भरलेला होता, पाण्याने काठोकाठ भरलेल्या हंड्यावर टिचकी मारावी तसा. कोणाचा मुलगा आखातात चालला, कोणाच्या सुनेला दिवस गेले, कोणाला कारखान्यातून कमी केलं, की आधी माणूस आमच्या दारात. ‘तात्यानू, जरा गाऱ्हाणा घाला.’ डॉक्टर होता, दोन गल्ल्या सोडून बसायचा. पण आधी बाबा. बाबा गिरणीतून आलेल्या कपड्यांवरच झाडाखाली उभे राहायचे आणि त्या माणसाचं नाव घेऊन बोलायचे. परतताना तो माणूस ताठ चाललेला मी बघितलाय. काम व्हायचं की नाही तो भाग वेगळा. पण आपलं नाव कोणीतरी एवढ्या आवाजात, एवढ्या मायेने घेतलं, हे घेऊन तो घरी जायचा.

घरात मात्र बाबा मोजकं बोलत. आई म्हणायची, ‘सगळा भायर सांडून येतत, घराक कायच उरना नाय.’ आई आणि बाबा मालवणी बोलायचे, मी आणि माझी बहीण मुंबईची मराठी. बहीण माझ्याहून पाच वर्षांनी मोठी, शालिनी. मी तिला आक्का म्हणायचो. लहानपणी राखणीच्या दिवशी मी आणि आक्का झाडाजवळ उभे राहून वाट बघायचो, आमची नावं कधी येतात म्हणून. बाबा पहिल्या खोलीपासून सुरुवात करायचे, एकेका घरातल्या प्रत्येकाचं नाव, अगदी पाळण्यातल्या पोराचंसुद्धा, आणि शेवटी आपलं घर. ‘माझी घरकारीण आनंदी, माझा चेडू शालिनी, माझो झील दिगंबर.’ आपलं नाव त्या आवाजात ऐकलं की अंगावर काटा यायचा. आक्का माझा हात दाबायची. वर्षभराचं काम झालं, आता आपल्याला काही वाईट होत नाही, असं तिला वाटायचं. तसं ती बोलूनही दाखवायची.

आक्का विक्रोळीला औषधाच्या कंपनीत गोळ्या पॅकिंगला जायची. तिथे हरेश्वर होता, मशीनवर. मनोरीचा कोळी. आम्ही मराठे, म्हणजे गावाला जमीन चार हात आणि मान हातभर. बाबांना ते पटणार नव्हतंच. आक्काने विचारलंही नाही, एका शनिवारी कामावर गेली ती परत आली नाही. देवळात लग्न केल्याचा निरोप तेवढा आला. बाबा तो ऐकून उठले, घरातला नारळ घेतला आणि झाडाखाली गेले. संध्याकाळची वेळ, सगळी चाळ बाहेर. बाबा त्याच आवाजात बोलले, ‘म्हाराजा, आजपासून तिचा नाव ह्या तोंडातसून येवचा नाय.’ ‘व्हय’ म्हणायलाही कोणाला सुचलं नाही. मी तिथेच उभा होतो. माणसं रागात हजार गोष्टी बोलतात, उतरल्यावर विसरतात. बाबा हे जेवणाच्या पाटावर बोलले असते तर महिन्याभरात विरून गेलं असतं. पण हातात नारळ होता.

त्यानंतर दोन राखणी झाल्या. दोन्ही वेळा बाबा आईचं नाव घेऊन झाल्यावर थेट माझ्या नावावर आले. मधली जागा अशी ऐकू यायची, जशी पडलेल्या दाताची खाच जिभेला लागते.

मग बाबांचा आवाज बसला. आधी वाटलं गिरणीतला कापूस घशात गेला. आईने हळद-दूध दिलं, ज्येष्ठमध दिलं. आवाज बसला तो उठला नाही, गिळायला त्रास व्हायला लागला, पेजेशिवाय काही उतरेना. परळच्या मोठ्या हॉस्पिटलात दाखवलं. मी बरोबर होतो. डॉक्टर तरुण होता, समजावून बोलणारा. म्हणाला, गाठ आहे, आवाजाची पेटी काढावी लागेल, सोमवारी दाखल व्हा, मंगळवारी ऑपरेशन. बाबांनी विचारलं, ‘मगे बोलाचा कसा?’ डॉक्टर म्हणाला, ‘बोलता येणार नाही. पण लिहून दाखवता येईल ना.’ बाबा माझ्याकडे बघायला लागले. बाबांना अक्षर येत नव्हतं. सही म्हणून ते एक आकडा काढायचे, तोही खात्यातल्या जॉबरने, मुकादमाने, शिकवलेला.  बाहेर येऊन बाबा बाकावर बसले आणि मला म्हणाले, ‘दिगू, बरा झाला. तुझी आवस म्हणताच, मी कमी बोलतंय.’ मी हसलो नाही म्हणून रागावले. ‘हस रे. पैशे पडनत नाय हसाक.’

सोमवारच्या आधीचा रविवार राखणीचा होता.

त्याच आठवड्यात हरेश्वर वखारीत आला. मी रंधा मारत होतो, तो फाटकात उभा, हातात पिशवी. मी त्याला त्याआधी एकदाच बघितलं होतं. उंच, काळा, आणि बोलताना खाली बघायची सवय. मालक आत होता म्हणून आम्ही बाहेर लाकडांवर बसलो.

‘शालूला सातवा चालू आहे,’ तो म्हणाला.

 पहिलं मूल पोटातच गेलं होतं, हे मला इकडून तिकडून कळलं होतं. आईला मी सांगितलं होतं, बाबांना कोणी सांगितलं नव्हतं.

‘ती झोपत नाय रे दिगंबर. माझी आई तिला समजावते, डॉक्टर बोलतो सगळं बरोबर आहे, पण तिच्या डोक्यात एकच. म्हणते, माझं नाव राखणीतून काढलंय, म्हणून पहिलं गेलं. म्हणते, मी उघड्यावर आहे.’ तो हातातली पिशवी उगाच या गुडघ्यावरून त्या गुडघ्यावर ठेवत होता. ‘आमच्याकडे पण देव आहे, मी तिला बोललो. आमच्या देवीला नवस केला. ती म्हणते, तुमची देवी तुमची. मला बाबांच्या तोंडून पाहिजे. बाकी काय नको. घरात घेऊ नका, बोलू नका. एकदा नाव घ्या.’

‘बाबांचा आवाज जातोय,’ मी म्हटलं. ‘मंगळवारी.’

‘ते पण तिला कळलंय. म्हणून तर आलो.’

पिशवीत सुके बोंबील होते. घरी नेले तर आईने काही न विचारता भाजले. बाबा पेज पीत होते. आईने बोंबलाचा तुकडा बाजूला ठेवला, बाजारातून आणले म्हणाली. बाबांनी तो तोंडात नुसता घोळवला, गिळता येत नव्हतं. बराच वेळ घोळवला. मग खरखरत्या आवाजात म्हणाले, ‘ह्ये बाजारातले न्हय. बाजारातले खारट आसतत.’ आई चुलीकडे तोंड करून बसली. बाबांनी दुसरा तुकडा मागितला.

त्यावरून मला वाटलं, विचारायला हरकत नाही. शनिवारी दुपारी बाबा ओट्यावर सुपारी कातरत बसले होते. स्वतःला खाता येत नव्हती तरी येणाऱ्याजाणाऱ्यासाठी कातरून ठेवायचे. मी समोर बसलो.

‘बाबा, हरेश्वर आलेला वखारीत.’

‘कोण हरेश्वर?’

‘तुम्हाला माहीत आहे कोण.’

‘मी इचारलंय कोण.’

‘तुमचे जावई.’

अडकित्ता थांबला. मग परत चालू झाला. मी सगळं सांगितलं, पहिल्या मुलाचंही. पहिल्या मुलाचं सांगितलं तेव्हा बाबांनी सुपारीचं खांड खाली ठेवलं आणि ते तिथेच पडून राहिलं. मी म्हटलं, ‘तिला दुसरं काही नको. नुसतं नाव.’

‘नुसता नाव?’ बाबांना मोठ्याने बोलता येत नव्हतं, पण ते कुजबुजणं ओरडण्याहून वाईट होतं. ‘नुसता काय आसता रे? माझो जलम नावां घेण्यात गेलो. नुसता म्हणतस?’

‘मग घ्या ना.’

‘देवाफुडे नारळ घेवन बोललंय. चाय पिताना बोललंय काय, की मागे घेव?’

‘आणि तिला काही झालं तर?’

‘देव आसा.’

‘देव आहे तर तुमच्या तोंडावर एवढं का अडलंय? पुढच्या वर्षी तर तुम्ही...’ मी थांबलो.

‘बोल. जीभ उचललंस तर पुरा बोल.’

‘पुढच्या वर्षी तुम्हाला बोलताच येणार नाही.’

बाबा उठले, खांद्यावरचा पंचा झटकला. ‘म्हणजे देवानच माझो शब्द राखल्यान,’ म्हणाले आणि आत गेले. मी त्या दिवशी त्यांचा तिरस्कार केला. आज मला माहीत आहे तो हट्ट कुठला. माझ्यात आहे. माझ्या मुलाशी मी चार वर्षं बोललो नव्हतो आणि चारही वर्षं मला वाटत होतं, मीच बरोबर. पण ती वेगळी गोष्ट.

रविवारी सकाळपासून चाळीत गडबड. बाप्यांनी झाडाखाली चूल मांडली. बायका घरोघरी वडे थापत होत्या, तेलाचा वास पत्र्याखाली कोंडलेला. गावाला राखणीच्या जागी बायका येत नाहीत. चाळीत झाड दारातच, म्हणून त्या आपापल्या उंबऱ्यात उभ्या राहून ऐकत, पण ‘व्हय’ बाप्यांनीच म्हणायचं. पांडूकाका, बाबांचे गिरणीतले जोडीदार आणि आमचे शेजारी, बाबांना म्हणाले, ‘गोविंदा, तू हळू बोल, मी मागसून मोठ्यान बोलतंय.’ बाबांनी मान हलवली, नको. धुतलेलं धोतर, खांद्यावर पंचा, गळ्याला आईने मफलर गुंडाळला होता, भर उन्हाळ्यात.

बाबांनी नारळ हातात घेतला. आवाज फाटका, मध्येच हवा निघून जायची.  पोरंसुद्धा गप्प झाली. आवाज कमी म्हणून माणसं पुढे सरकली, इतकी की पुढच्यांचे खांदे बाबांना लागत होते.

‘बा देवा राखणदारा म्हाराजा, आज ही तुझी लेकरां वर्साची राखण घेवन तुझ्या पायाकडे उभी रवली आसत.’

‘व्हय म्हाराजा!’

‘गाव सोडून पोटासाठी हय इली. चुकला-माकला आसात ता पदरात घे. चुलीक लाकूड दे, हाताक काम दे.’

‘व्हय म्हाराजा!’

मग नावं. पहिल्या खोलीपासून. एकही नाव चुकलं नाही. प्रत्येक नावानंतर बाबा श्वास घ्यायला थांबत होते आणि त्या नावाचा माणूस मान खाली घालून उभा राहत होता. कोणकोण रडत होते. सगळ्यांना माहीत होतं की हा आवाज आपलं नाव शेवटचं घेतोय. पांडूकाकांचं नाव आलं तेव्हा ते ‘व्हय’ म्हणायचं विसरले.

शेवटी आमचं घर. ‘माझी घरकारीण आनंदी,’ बाबा म्हणाले. आणि थांबले. गेली दोन वर्षं ते इथून माझ्या नावावर उडी मारायचे. या वेळी मारली नाही. मी त्यांच्या डाव्या बाजूला उभा होतो. गळ्याचा मफलर वर-खाली होताना मला दिसत होता. सगळी चाळ वाट बघत होती, काय येणार ते सगळ्यांना माहीत होतं, शनिवारचं बोलणं कुडाच्या भिंतींआडून सगळ्यांनी ऐकलंच होतं. बाबा माझ्याकडे वळले. माझा हात धरला, तो उताणा केला आणि त्यावर नारळ ठेवला. वरून आपला हात दाबून धरला. मग काढला आणि दोन पावलं मागे जाऊन बाकीच्या बाप्यांमध्ये उभे राहिले.

त्यांना मी कधीच तिथे उभं बघितलं नव्हतं.

मला गाऱ्हाणं येत नव्हतं. हजार वेळा ऐकलेलं, पण तोंडात एक शब्द येईना. मालवणी तर नाहीच. जे आलं ते मी बोललो, ‘देवा महाराजा, माझी बहीण शालिनी. मनोरीला असते. तिला आणि तिच्या पोटातल्याला सांभाळ.’

 कोणी ‘व्हय’ म्हणेना. सगळ्यांचे डोळे बाबांकडे. ज्याने नाव तोडलं त्यानेच जोडायचं, त्याच्या आधी दुसरा कोण बोलणार? बाबा समोर झाडाकडे बघत होते.  पंच्याचं टोक तोंडावर धरलेलं. आता ते पलीकडे, ‘व्हय’ म्हणणाऱ्यांत होते, तिथे नावही घ्यायचं नव्हतं. नुसतं ‘व्हय’. सगळ्यांबरोबर, सगळ्यांत मिसळून, कोणाला ऐकूही आलं नसतं. मी नारळ धरून उभा होतो. चुलीवरच्या टोपावर झाकण वाजत होतं, तेवढाच आवाज.

मग मागून, आमच्या उंबऱ्यातून, आई बोलली. ‘व्हय म्हाराजा!’

एकटी. बारीक आवाज, शेवटाला चिरकलेला. आईने जन्मात पहिल्यांदा ते दोन शब्द मोठ्याने म्हटले असतील. बाप्यांनी मागे वळून बघितलं, पण कोणी तिला काही बोललं नाही. आणि तिच्या मागून कोणी म्हटलंही नाही. बाबा पुढे आले, माझ्या हातातला नारळ घेतला आणि दगडावर आपटला. एका फटक्यात फुटला. गाऱ्हाणं संपलं.

मी ते पन्नास वर्षं उलटंसुलटं करून बघतोय. हात दिला. नारळ दिला. आपली जागा दिली, जी त्यांनी कोणाला दिली नव्हती. पण एक ‘व्हय’ दिला नाही. एखाद्याला वाटेल, एवढं केलं हेच खूप. मला तसं वाटत नाही. तेव्हाही वाटलं नाही. आक्काला नारळ नको होता.

जेवणं बसली. पांडूकाका वातावरण हलकं करायला म्हणाले, ‘दिगू, तुझा गाऱ्हाणा म्हणजे रेडियोवरची बातमी रे! मनोरीला असते, म्हणे! देव काय पोष्टमन आसा, पत्तो देतंस तो?’ दोनचार जण हसले. मी ताटावरून उठलो. आई मागून ओरडली, ‘अन्नार राग काढू नको!’ मी घरात जाऊन भिंतीकडे तोंड करून पडलो. बाबा बाहेर सगळ्यांना वाढत होते. स्वतःला गिळता येत नव्हतं तर दुसऱ्यांच्या पानात वडे टाकत होते, ‘घे, घे,’ म्हणत. ते ‘घे, घे’ मला कुडाच्या भिंतीतून ऐकू येत होतं.

बाबा त्यानंतर अकरा वर्षं जगले. गळ्याला भोक, त्यावर मलमलीचा तुकडा. आवाज नाही, अक्षर नाही. भूक लागली की ताटली वाजवायचे. लोकांना वाटायचं, तात्यांनी मन बदललं असेल आता. असेलही. पण बदललं हे सांगायला तोंड लागतं. त्यांनी बोलून जे बंद केलं ते उघडायला त्यांच्याकडे काहीच उरलं नव्हतं. आणि आक्काही त्यांचीच मुलगी. म्हणायची, बोलावल्याशिवाय येणार नाही. बोलावणार कोण? खुणेने बोलावलेलं तिला चाललं नसतं, तिला तिचं नाव पाहिजे होतं. तिची मुलगी मात्र सहासात वर्षांची असताना मी एकदा चाळीत आणली. बाबांनी तिला खूप वेळ बघितलं आणि त्यांचे ओठ हलले. आई म्हणाली, नाव घेतलं शालूचं. मी म्हणतो, पाणी मागितलं. आम्ही दोघं त्यावरून आई मरेपर्यंत भांडलो. ती मुलगी आज बोरिवलीला असते, तिला सून आलीय. ती जगली त्यात कोणाच्या शब्दाचं काय होतं, ते मला विचारू नका. आक्का चाळीत आली ती बाबांना उचलायच्या दिवशी.

त्या राखणीच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी, बाबा दाखल व्हायला निघणार होते. पांडूकाका बरोबर जाणार होते. आईने मला उठवलं, ॲल्युमिनियमच्या डब्यात वडे भरलेले, वर नारळाची शेरणी पानात बांधून. म्हणाली, प्रसाद शिळा होता नये, आजच पोचव, पोटुशी बाय वाट बघत बसली असेल. मी म्हटलं, आणि हॉस्पिटल? ती म्हणाली, ‘ऑपरेशन उद्या आसा. उद्या ये.’ मंगळवारी मी हॉस्पिटलात पोचलो तेव्हा त्यांना ऑपरेशनला आत नेलं होतं.

मी डबा घेऊन बाहेर आलो. बाबा ओट्यावर बसले होते, अंगात लग्नाकार्याचा कोट, पायाशी पिशवी. मी चपला घातल्या. त्यांच्याकडे बघणार नाही असं ठरवलं होतं, म्हणून चपलेचा अंगठा नीट करण्यात उगाच वेळ काढला. डबा त्यांच्या नाकासमोरच होता. कुठे चाललास, विचारलं नाही. मी चार पावलं गेलो असेन, मागून ती खरखर आली.

‘दिगू.’

मी थांबलो, वळलो नाही.

‘वारो आसा. होडयेत मधी बस. कडेक बसू नको.’

मी चालायला लागलो. मालाडला उतरलो, बसने मार्वेला गेलो. खाडीला वारा होता, होडी हलत होती. मनोरीच्या धक्क्यावर हरेश्वरची आई मासे वाळवत होती, तिने घर दाखवलं. आक्का दारातच बसली होती, पाय पसरून, पोट मोठं. मला बघून उठायला गेली, मी म्हटलं बस. तिने डब्याला हातही लावला नाही.

‘माझं नाव घेतलं?’

‘घेतलं.’

‘बाबांनी?’

खोटं बोलायचं मी होडीत ठरवलं होतं. तिच्या तोंडाकडे बघून जमलं नाही. ‘मी,’ म्हटलं. ‘बाबांनी नारळ माझ्या हातात दिला.’

‘आणि व्हय?’

‘आई म्हणाली.’

‘आई?’ ती थोडं हसली. मग हसू गेलं. ‘आणि बाबा? बाबा काहीच बोलले नाहीत?’

‘निघताना म्हणाले, वारा आहे, होडीत मध्ये बस, कडेला बसू नको.’

आक्काने पदर तोंडात धरला. तिचे खांदे हलत होते, आवाज येत नव्हता. सासू धक्क्यावरून आली ती दारातच थांबली आणि परत गेली. मी डबा मांडीवर धरून बसून राहिलो. बऱ्याच वेळाने तिने तोंड पुसलं, नाक पुसलं आणि मला विचारलं,

‘मग मध्ये बसलास?’

‘बसलो,’ मी म्हटलं.